चार खोल्या, तीन हंगाम आणि ‘अनुभव : नाही’

प्रश्न : आमचं घर काशीदला, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. घराला लागून चार खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. आई जेवणाचं बघते, बाबा बाजार आणि वाडी सांभाळतात, बाकीचं माझ्याकडे. यंदा मी बी.कॉम. झाले. अलिबाग आणि मांडव्याकडच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसच्या जागांसाठी अकरा ठिकाणी सीव्ही पाठवला, एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. सीव्ही रेवदंड्याला झेरॉक्सच्या दुकानात करून घेतला होता. दुकानदारानं विचारलं, अनुभव? मी म्हटलं, नाही. त्यानं ‘फ्रेशर’ असं टाकलं. जिला अनुभवच नाही तिनं काय लिहायचं? माझा मोठा भाऊ दोन हंगाम बनाना बोटीवर होता. त्याच्या कागदावर दर पावसाळ्याला भोक पडतं आणि २०२० चं वर्ष तर कोरंच आहे. ते कसं दाखवायचं? आणि एक कुतूहल म्हणून विचारते. ताईच्या लग्नासाठी केला त्या कागदालाही आम्ही बायोडाटा म्हणतो आणि नोकरीच्या कागदालाही. दोन्ही एकच आहेत का?
– एक वाचक, काशीद, ता. मुरुड, जि. रायगड

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे.

‘बायोडाटा’ म्हणजे व्यक्तीची माहिती, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मराठी घरात तो शब्द लग्नाच्या निमित्तानं पक्का बसला. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, जात, पोटजात, गोत्र, वडिलांची नोकरी, मामाचं आडनाव आणि गाव. त्या कागदावर मुलीपेक्षा तिचं घराणं जास्त असतं, कारण वाचणाऱ्याला सोयरीक करायची असते. नोकरीचा कागद वेगळ्या माणसासाठी असतो. तुमचे मामा कुठले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता काउंटरवर एकदम पाच गाड्यांमधली माणसं आली तर तुम्हाला निभावता येईल का, एवढंच त्याला कळून घ्यायचं असतं. ‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दांचा अर्थ आयुष्याची धाव, आयुष्याचा क्रम. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. परदेशात प्राध्यापक-संशोधकांचा लांबलचक तो सीव्ही आणि नोकरीसाठी पानभराचा तो रेझ्युमे, असा भेद बऱ्याच ठिकाणी पाळतात. आपल्याकडे तिन्ही शब्द एकाच कागदाला चालतात, त्याची चिंता नको. चिंता आहे ती लग्नाचा नमुना नोकरीच्या पाकिटात घातला जातो याची.

तुम्ही सोबत जोडलेला सीव्ही माझ्यासमोर आहे. पहिल्या अर्ध्या पानात वडिलांचं पूर्ण नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, लिंग, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व, आधार क्रमांक. मग ‘ध्येय’ म्हणून चार ओळींचं इंग्रजी. मग दहावी, बारावी, बी.कॉम.चा तक्ता. मग छंद : वाचन, संगीत ऐकणे. मग ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण, तारीख, सही. या सगळ्यात काशीद कुठेही नाही. तुम्हीही नाही.

आता तुमच्या पत्राचं दुसरं पान. तिथे तुम्ही सहज लिहून गेला आहात की खोल्यांच्या नोंदीची एक लाल बांधणीची वही आहे आणि बारावीनंतर ती तुमच्याकडे आली. तारीख, नाव, फोन, किती माणसं, किती ॲडव्हान्स, मासे खाणारे किती, शाकाहारी किती, असे रकाने तुम्हीच आखलेत. एकदा एकाच खोलीचे दोन बुकिंग झाले, तेव्हा शेजारच्या काकूंची खोली मिळवून दिलीत आणि त्या दिवसापासून ॲडव्हान्स आल्याशिवाय नाव शाईनं लिहायचं नाही, असा नियम केलात. रात्री यूपीआयचे आणि रोख पैसे वहीशी ताडून पाहता. एक फ्रेंच जोडपं राहायला आलं तेव्हा परदेशी पाहुण्यांचा ‘सी फॉर्म’ २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो हे तुम्ही शोधून काढलंत आणि भरलात. शनिवार-रविवारी पंचवीस-तीस जणांच्या जेवणाची ऑर्डर आईला लिहून देता.

आणि दुकानदारानं विचारल्यावर तुम्ही ‘नाही’ म्हणालात!

मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्या घरांमध्ये मुलीनं केलं ते काम नसतं, ती मदत असते. घरच्या दुकानात बसणारा मुलगा ‘दुकान बघतो’, घरची खानावळ चालवणारी मुलगी ‘आईला हातभार लावते’. पगार हातात पडला नाही म्हणून ते काम झालंच नाही, असं तुम्हीही मनाशी धरलंत. आरक्षण, स्वागत, नोंद, हिशेब, तक्रार मिटवणं, कायद्यानं भरायचा फॉर्म. हॉटेलात याच कामाला फ्रंट ऑफिस म्हणतात. तुम्ही फ्रेशर नाही. हा शब्द आजच्या आज खोडा.

अनुभवाच्या रकान्यात असं लिहा :

‘ऑक्टोबर २०२२ ते मे २०२५, सलग तीन हंगाम. कुटुंबाचा पर्यटक निवास, काशीद. चार खोल्यांचं फोनवरचं आरक्षण, पाहुण्यांचं स्वागत व नोंद, ॲडव्हान्स आणि रोजचा हिशेब (रोख व यूपीआय). परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म भरला आहे. सुट्टीच्या दिवशी २५ ते ३० जणांच्या जेवणाच्या ऑर्डरचं नियोजन. एकाच खोलीचं दोनदा आरक्षण होऊ नये म्हणून नोंदवहीची नवी पद्धत सुरू केली.’

यात एकही फुशारकीचं विशेषण नाही आणि एकही खोटा शब्द नाही. ‘कुटुंबाचा’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, तो लपवू नका. ‘मॅनेजर’ असं पद स्वतःला लावून घेऊ नका, कारण पहिल्याच मुलाखतीत विचारतील की तुमच्या हाताखाली किती माणसं होती. चार खोल्या तर चारच लिहा. चार खोल्या एकटीनं सांभाळलेल्या मुलीला चाळीस खोल्यांच्या काउंटरवर उभं करायला कुणीही समजदार माणूस तयार होईल. तुमचं घर पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलं असेल तर तेही अर्ध्या ओळीत घाला. त्यानं परक्या माणसाला व्यवसाय खरा असल्याची खात्री पटते.

परका माणूस हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या कोकणात नोकरीसाठी कागद लागतच नसे. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून (तुमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबाच होता) माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली ती गाववाल्याच्या शब्दावर. गिरणीत जॉबर असे. तो माणसं आणी, तोच कामावर घेई, तोच काढून टाकी आणि वर दस्तुरीही घेई. शाही कामगार आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालात या जॉबरपद्धतीवर कडक टीका आहे. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर काम करणारे खानसामे, बटलर आधीच्या साहेबानं दिलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवत आणि नव्या दारात दाखवत. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेला. या सगळ्यात एक गोष्ट समान होती : तुमच्याबद्दल दुसरा कुणीतरी बोले. ज्याचा गाववाला नाही, त्याला दार नाही. सीव्हीत पहिल्यांदाच माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलतो, तेही न ओळखणाऱ्याशी. म्हणून ‘सगळ्यांना माहीतच आहे’ असं धरून जे आपण गाळतो, तेच तिथे लिहायचं असतं. काशीदमध्ये तुमची वही सगळ्यांना ठाऊक आहे. मांडव्याच्या हॉटेलात ती कुणी पाहिलेली नाही.

चिठ्ठीचा उपयोग मात्र अजून संपलेला नाही. कागदाच्या तळाशी संदर्भासाठी दोन नावं द्या. आई-बाबा किंवा काका चालणार नाहीत. दरवर्षी येणारं एखादं पुण्या-मुंबईचं कुटुंब असेल, कॉलेजातले बाई किंवा सर असतील. त्यांना आधी फोन करून परवानगी घ्या, आणि कोणत्या कामासाठी अर्ज करताय तेही सांगा. न सांगता नंबर दिला आणि समोरचा फोनवर ‘कोण?’ म्हणाला, तर सगळं मुसळ केरात.

आता काय काढायचं. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय : सगळं काढा. याला शिष्टाचारापलीकडचं कारण आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, आपले महाराष्ट्राचेच, आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा : काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. आडनाव आपण बदलू शकत नाही, बदलूही नये. पण न विचारलेली जात स्वतःच्या हातानं पहिल्या अर्ध्या पानात लिहून देण्याचं काही कारण नाही. सरकारी भरतीत आरक्षणासाठी ती लिहावी लागते, पण तिथे सीव्ही चालतच नाही, ठरलेला अर्ज भरायचा असतो. ते दोन वेगळे रस्ते आहेत.

आधार आणि पॅनचे क्रमांक तर कधीच घालू नका. तुमचा कागद किती जणांच्या मोबाइलवर फिरेल याचा नेम नाही. निवड झाल्यावर कागदपत्रं मागतात, तेव्हा द्या. प्रतिज्ञापत्र आणि सही नसली तरी काही अडत नाही. मी एका निवड समितीवर काही वर्षं बसले आहे. एका दुपारी अलिबाग तालुक्यातल्या तीन मुलांचे अर्ज एकामागून एक आले. तिघांचं ‘ध्येय’ शब्दाशब्दानं एकच होतं आणि एकाच्या प्रतिज्ञापत्राखाली ठिकाण होतं नागपूर. दुकानातल्या संगणकावर आधीच्या कुणाचा तरी कागद होता, त्यावर नावं बदलली गेली होती. मुलं हुशार होती, त्यातल्या एकाला पुढे मी भेटलेही. पण त्या कागदावर ती दिसत नव्हती. समितीत कुणीतरी ‘हे तिन्ही सारखेच’ म्हणत गठ्ठा बाजूला केला. ते अजून माझ्या मनातून जात नाही. म्हणून म्हणते, ‘ध्येय’ संपूर्ण काढा. त्या जागी दोन ओळींत तुम्ही कोण आणि कशासाठी अर्ज करताय ते लिहा : ‘बी.कॉम. पर्यटक निवासात तीन हंगामांचा अनुभव. मराठी, हिंदी चांगलं बोलते, इंग्रजीत पाहुण्यांशी व्यवहार करते. फ्रंट ऑफिस सहायक पदासाठी अर्ज.’

या दोन ओळी सगळ्यात वर हव्यात, नाव आणि फोनच्या लगेच खाली. अमेरिकेतल्या एका नोकरीविषयक कंपनीनं २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा एका कागदावरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंदांची निघाली. अलिबागच्या हॉटेलातला माणूस त्याहून निवांत असेल असं मला वाटत नाही. तुमच्या सध्याच्या कागदावर त्या सात सेकंदांत तो तुमच्या वडिलांच्या नावापर्यंत पोचतो.

भाषेचं म्हणाल तर हॉटेलं सीव्ही इंग्रजीतच मागतात. पण आधी मराठीत लिहा. खरं तर आधी बोला : मुंबईहून आलेल्या मावशीला ‘मी दिवसभर काय करते’ ते सांगताय असं समजून मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग ते कागदावर उतरवा, मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत न्या. कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकदा दाखवा. ‘हार्डवर्किंग’, ‘डायनॅमिक’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द प्रत्येक कागदावर असतात, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते दिसेनासे झाले आहेत. पंचवीस ताटं हा आकडा दिसतो.

दुकानदाराकडून घेताना तीन गोष्टी बघा. फाइल पीडीएफमध्ये घ्या. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो काढून पाठवू नका, तो नीट छापताही येत नाही. पतसंस्थेसारख्या ठिकाणी मराठीत सीव्ही पाठवायची वेळ आली तर मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला आहे ना ते विचारा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. आणि तुमचं नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ‘ए’ जास्त आहे, हे तुम्ही पाठवलेल्या प्रतींवरून दिसतंय. सीव्हीवर गुणपत्रिकेतलं स्पेलिंग ठेवा आणि आधार वेळेत दुरुस्त करून घ्या, नाहीतर पगाराचं खातं उघडताना ते आडवं येईल. काशीदला रेंज जाते-येते, म्हणून दुसरा एक फोन नंबरही द्या.

आता भावाबद्दल. त्याच्या कागदावरची भोकं ही त्याची उणीव नाही, ती आपल्या किनाऱ्याची रीत आहे. पावसाळा लागला की बोटी वर ओढून ठेवतात. मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. पण पुण्यात बसलेल्या एचआरच्या माणसाला ‘मे अखेर काम संपलं, ऑक्टोबरला पुन्हा सुरू’ यात धरसोड दिसते. म्हणून तारखांच्या आधी एकच शब्द लिहायचा : हंगामी. ‘हंगामी काम, ऑक्टोबर ते मे, सलग दोन हंगाम, एकाच मालकाकडे.’ एकाच मालकानं दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावलं यातच प्रशस्तिपत्र आलं. पावसाळ्यात घरची लावणी केली असेल तर ‘जून ते सप्टेंबर घरची भातशेती’ असं लिहायला लाजू नये. मग त्यानं बोटीवर काय केलं ते : लाइफ जॅकेट तपासून बांधणं, माणसं मोजून चढवणं-उतरवणं, समुद्र चढला की फेरी थांबवणं. हे शेवटचं त्यानं कधी मालकाचं मन मोडून केलं असेल तर मुलाखतीत आवर्जून सांगावं.

२०२० चं वर्ष झाकू नका. मार्चपासून टाळेबंदी होती आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर चढलं. मुरुड-श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, काशीदची सुरूची झाडं पडली. तुमच्या घराचे पत्रे उडाले आणि भावानं शिक्षणाचं एक वर्ष घरासाठी दिलं असं तुम्ही लिहिलंय. ‘२०२०-२१ : निसर्ग चक्रीवादळात घराचं व वाडीचं नुकसान, वर्षभर घराची दुरुस्ती आणि नवी लागवड.’ एवढी एक ओळ पुरे. कोरी जागा वाचणारा स्वतःच्या मनानं भरतो, आणि बहुधा वाईट भरतो.

त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही ही अडचण मात्र खरी आहे. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम होतात, पाण्यावरच्या नोकरीत त्या कागदाला वजन आहे. दुसरी सोय कौशल्य विकास योजनेतली : आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, त्याला ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ म्हणतात. हॉटेलकामासाठी ती तुम्हालाही उपयोगी पडू शकेल. सध्या काय चालू आहे ते अलिबागच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात विचारा.

आणि एक सावधगिरी. बोटीवरचा अनुभव बघून ‘तुमचा सीव्ही जहाजाच्या कंपनीनं निवडला, नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन येऊ शकतो. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला मनाई आहे. पैसे मागितले की फोन ठेवायचा. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी यात दागिने गहाण टाकले आहेत.

अकरा ठिकाणांहून फोन आला नाही, तो त्या जुन्या कागदाला आला नाही. तुमच्याबद्दल त्यांना अजून काहीच माहीत नाही, त्यामुळे त्याच अकरा ठिकाणी नवा कागद पाठवायला संकोच करू नका. एका पानाचा ठेवा, आणि प्रत्येक हॉटेलसाठी वरच्या दोन ओळी त्यांची जाहिरात वाचून बदला. आपल्याकडचा हंगाम दिवाळीला उघडतो आणि हॉटेलांना माणसं त्याच्या महिनाभर आधी लागतात. गणपती उठले की अर्ज पाठवून द्या, आणि मुलाखतीला जाताना ती लाल वही बरोबर न्या.